मामांचा कुकर पहिल्या पानावर

वसमतच्या बसस्थानकाजवळ एका गाळ्यावर पाटी आहे, 'सोमेश्वर वेब सोल्युशन्स. आपला धंदा गूगलच्या पहिल्या पानावर.' त्याखाली बारीक अक्षरांत झेरॉक्स, पीकविम्याचे फॉर्म आणि पासपोर्ट फोटो. पोट चालतं ते बारीक अक्षरांवर, हे सोमेश्वर स्वतःच सांगतो. मोठ्या अक्षरांचं काम घेऊन वर्षाकाठी चार गिऱ्हाइकं येतात. त्यांतली दोन नात्यातली असतात आणि उरलेल्या दोघांना खरं तर फोटोच काढायचा असतो.

भूगोलात बी.ए. झाल्यावर सहा वर्षं त्याने एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं. क्लास बंद पडला तेव्हा वेबसाइटी वर कशा आणायच्या याचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला. प्रमाणपत्र स्वतःच्याच प्रिंटरवर काढलं, स्वतःच लॅमिनेशन केलं आणि खुर्चीच्या मागे लावलं. कोर्सवाल्याने सांगितलेलं तो गिऱ्हाइकाला आवेशाने समजावून सांगायचा. माणूस फोनवर काही शोधतो तेव्हा शेकडो वेबसाइटी रांगेत असतात, पुढं कुणाला काढायचं ते गूगल ठरवतं, आणि पहिल्या पानावर दहाजणांनाच जागा. दुसऱ्या पानापर्यंत कोण जातो? पुढं जायचं कसं, हे विचारल्यावर तो डोळे बारीक करून म्हणायचा, 'अल्गोरिदम.' एवढं ऐकून गिऱ्हाईक गप्प बसायचं. त्यापुढचं सोमेश्वरलाही फारसं ठाऊक नव्हतं.

हे ठाऊक नसणं अंगाशी आलं ते देविदासमामांच्या कामात.

मामा कुरुंद्याला हळद शिजवायचे कुकर बनवतात. पाणी तापवायची मोठी टाकी, तिच्या वाफेवर चालणारे चार ड्रम आणि खाली चाकं. ट्रॅक्टरला जोडायचा आणि शेतात न्यायचा. बावीस वर्षं त्यांनी हेच वेल्डिंग केलं. सोमेश्वरचे वडील गेल्यावर त्याला कुरुंद्याला आणून शिकवलं तेही याच शेडच्या कमाईवर. पण गेली दोन वर्षं माणसं शेडकडे यायच्याऐवजी फोनमध्ये शोधायला लागली आणि परजिल्ह्यातल्या कंपन्यांचे रंगवलेले कुकर आणायला लागली. दिवाळीत मामा जेवता जेवता म्हणाले, "साखर कारखान्यात फिटरची जागा हाय म्हणतेत. या सीझनला दहा कुकर न्हाई गेले, तर शेडला कुलूप घालतो अन् जातो."

पद्मामामींनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. मामा या वयात दुसऱ्याच्या शिट्टीवर कामाला जाणार, हे सोमेश्वरला पटेना. तोंडातला घास गिळायच्या आतच तो बोलून बसला, "मामा, मी कशाला हाय? यंदा गूगल उघडलं की तुमीच दिसतान."

आठ दिवसांत वेबसाइट तयार झाली. मामांच्या शेडचे अठरा फोटो त्याने फोनमधून काढले तसेच, आहे त्या वजनाचे, चढवले. मामांनी उघडून बघितली, तर निम्मा फोटो उतरेपर्यंत मामींनी चहा करून आणला. "एवढ्यात एक ड्रम शिजतो बाबा," मामा म्हणाले. पानभर त्याने 'हळद कुकर वसमत', 'हळद कुकर हिंगोली', 'सर्वोत्तम हळद कुकर' असं एकशेचाळीस वेळा लिहिलं होतं. वाचणाऱ्याला त्रास नको म्हणून त्यातलं बरंचसं पिवळ्या पानावर पिवळ्याच अक्षरांत लिहिलं. गूगलला दिसेल, माणसाला दिसणार नाही, अशी त्याची हुशारी. दुसऱ्या वेबसाइटींनी आपल्याकडे बोट दाखवलं की आपलं वजन वाढतं, हेही त्याला कोर्समुळे माहीत होतं. त्याआधी त्याने बनवलेल्या वेबसाइटी एकूण तीन. एक बँडपार्टीची, एक शेळीपालनाची आणि एक ड्रायव्हिंग स्कूलची. तिन्हींवर त्याने मामांचा दुवा टाकला. बँडपार्टीच्या पानावर वरातीच्या फोटोखाली 'हळद शिजवण्यासाठी इथे दाबा' असं दोन महिने झळकत होतं.

एवढं करून मामा तिसऱ्या पानाच्या तळाशी आले.

मग सोमेश्वरच्या डोक्यात शाबासकीची कल्पना आली. गूगलच्या नकाशावर दुकानाखाली लोक तारे देतात, चार ओळी लिहितात. कंपन्यांना वीस-वीस, तीस-तीस जणांनी लिहिलं होतं, मामांना एकानेही नाही. कुरुंद्यात मामांना नाही म्हणणारं कोण होतं? डिसेंबरात भावकीत एका जावळाची पंगत होती. सोमेश्वर वाढप्यांच्या मागोमाग पंगतीतून फिरला. वरण आलं की फोन काढायला लावायचा आणि बुंदी येईपर्यंत पाच तारे दाबून घ्यायचे. संध्याकाळपर्यंत बासष्ट जणांची शाबासकी जमा झाली. आपण काय लिहून घेतलं ते त्याने घरी येऊन वाचलं. 'देविदासराव देवमाणूस.' 'आमच्या पोरीच्या लग्नाला मांडवाचे पाइप जोडून दिले.' 'कुकर एक नंबर, आमच्याकडं कापूस असतो.' एका म्हातारबुवांनी बुंदीला पाच तारे दिले होते.

चौथ्या दिवशी बासष्टच्या बासष्ट गायब झाले. त्यांच्याबरोबर मामांचं दुकानही नकाशावरून गेलं. 'देविदास हळद कुकर कुरुंदा' असं पूर्ण नाव घालून शोधलं तरी सोलापूरकडची एक कंपनी समोर यायची. तिसऱ्या पानावर का होईना, माणूस होता. भाच्याने त्याला तिथूनही घालवलं.

सोमेश्वर तीन आठवडे कुरुंद्याला फिरकला नाही. दुकान परत दिसावं म्हणून शेडचे फोटो आणि लाइटबिल जोडून त्याने रीतसर अर्ज पाठवला. दरम्यान गिऱ्हाइकांना गंभीर चेहऱ्याने सांगायला लागला, "डिसेंबरात गूगलनं अल्गोरिदम बदललाय. भल्याभल्यांची दुकानं उडाली. लई बारकाईनं बघून राहिलेत ते." हे ऐकून एका शाळेच्या संस्थाचालकाने वेबसाइट काढायचा विचारच सोडून दिला.

संक्रांतीनंतर मात्र राहवेना. खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून तो एका दुपारी शेडवर गेला. मामा फोनवर बोलत होते. सोमेश्वर लोखंडी स्टुलावर बसून वाट बघू लागला. फोन संपला की बोलायचं. पण एक फोन संपेपर्यंत दुसरा वाजत होता. हळद काढायला नुकती सुरुवात झाली होती आणि बावीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी कुकर नेला, त्यांना हंगामाच्या तोंडावर मामांची आठवण व्हायची.

"मामा, शिजली का न्हाई ते कळंना."

"काडी टोचून बघ. आरपार गेली की काढ. जोर लावावा लागला तर अजून थोडी वाफ दे."

"गड्डे अन् हळकुंडं एकदमच घालू का?"

"न्हाई रे बाबा. गड्डा जाड, त्याला येळ लागतो. तवर हळकुंडाचा गाळ व्हईल. येगळं शिजव."

हात रिकामे ठेवून बसायची लाज वाटली म्हणून सोमेश्वरने खिशातून अर्जांचे कोरे कागद काढले आणि ऐकलेलं लिहायला लागला. दोन तासांत पाच कागद भरले. कबुली राहूनच गेली. धीर गोळा झाला नाही, असं तो म्हणतो. एसटीत बसल्यावर त्याने ते कागद चाळले आणि सहज म्हणून त्यातला एक प्रश्न फोनमध्ये टाकून बघितला. 'हळद शिजली हे कसं ओळखावं'. धड उत्तर एकही आलं नाही. कुठं इंग्रजीतला लांबलचक अहवाल, कुठं त्वचेला हळद लावायचे फायदे. ज्या गोष्टीसाठी आख्खा तालुका मामांना फोन करत होता, ती मराठीत कुणी लिहूनच ठेवली नव्हती. आणि त्याने एकशेचाळीस वेळा 'सर्वोत्तम हळद कुकर' लिहिलं होतं. तो एसटीत स्वतःशीच इतक्या मोठ्याने हसला की शेजारच्या बाई पिशवी घेऊन सरकून बसल्या.

त्याने जुनं पान पुसलं. पिवळी अक्षरं काढली, फोटो हलके करून चारच ठेवले आणि बँडपार्टीला मोकळं केलं. एकेका प्रश्नाचं एकेक पान केलं. वर शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, खाली मामांचं उत्तर. मामांना वाचून दाखवायला गेला तेव्हा एक उत्तर त्याने मुद्दाम मागे ठेवलं होतं. मामांच्या ते लक्षात आलं.

"परवा कळमनुरीचा एकजण इचारत होता, दोन एकराला कुकर घेऊ का म्हणून. ते न्हाई लिवलं?"

"मामा, त्याला तुमी घेऊ नको म्हणालात."

"मंग? दोन एकराला घेऊन काय करंल त्यो? भाड्यानं आणावा."

"आपण कुकर इकायला बसलोत! अन् आपणच घेऊ नका म्हणून लिवायचं?"

"खरं हाय ते लिव," मामा म्हणाले. "अन् माझा कुकर कोणत्या गावात कोणाकडं भाड्यानं भेटतो, त्यांची नावं-नंबर खाली टाक. त्यांना इचारून टाक."

सोमेश्वरने टाकलं, पण मनातून तो मामांना कारखान्याच्या दारातच सोडून आला. कोर्समध्ये असं काहीही शिकवलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्ज मंजूर होऊन दुकान नकाशावर परत आलं. काडी टोचायचं पान पहिल्या पानावर तिसरं दिसायला लागलं. आणि 'हळद कुकर घ्यावा की भाड्याने आणावा' असं शोधलं की सगळ्यांत वर मामा. हे पान लोक उघडायचे, पूर्ण वाचायचे आणि एकमेकांना पाठवायचे. शेतकऱ्यांच्या दोन-तीन वेबसाइटींनी आपणहून त्याचा दुवा दिला. त्यात वरातीचा फोटो कुठं नव्हता.

पण फोन मामांना येत नव्हते. ते जात होते भाड्याने देणाऱ्यांकडे. सोमेश्वर रोज हिशेब मांडायचा, तेरा दिवस झाले, कुकर गेले दोन. दोनाचे दहा कसे होणार ते त्याला दिसेना. मग आखाडा बाळापूरच्या सोनाजींचा मामांना फोन आला आणि ते फोनवर ओरडतच होते.

"देविदासराव, नंबर टाका म्हणलो, पण टाकला कुठं? परभणीपसून माणसं येऊन राहिलीत! माझा एक कुकर कोणाकोणाला पुरंल? लोकं बांधावर येऊन भांडून राहिले."

"काढून टाकाया लावतो नंबर. तकलीफ झाली, माफ करा."

"काढू नका!" सोनाजी म्हणाले. "दुसरा कुकर कवा देता ते सांगा."

सोनाजींच्या मागोमाग भाड्याने देणारे एकेक करून आले. ज्यांनी कुकर घेऊ नये म्हणून मामांनी लिहिलं, त्यांनी तो भाड्याने मागितला, आणि देणाऱ्यांना एक पुरेना. होळीपर्यंत शेडमधून तेरा कुकर गेले. कारखान्याचा निरोप आला तेव्हा मामा चौदाव्याच्या टाकीत शिरून वेल्डिंग करत होते. "सवड न्हाई म्हणाव," एवढंच आतून ऐकू आलं.

त्या संध्याकाळी मामा ओट्यावर टेकले होते, मामी मेथी निवडत होत्या. सोमेश्वरला वाटलं, आता बोललंच पाहिजे.

"मामा, एक सांगायचं राहिलंय. डिसेंबरात गूगलनं आपलं दुकान काढून टाकलं होतं. पंगतीतल्या त्या खोट्या शाबासकीमुळं. चूक माझी. मी भिऊन तुमाला सांगितलं न्हाई."

मामांनी मामींकडे बघितलं. मामींनी मेथीची एक काडी मोडून बाजूला टाकली.

"गूगलनं कशाला काढलं?" मामी म्हणाल्या. "मीच काढलं. मी एकेक वाचून दाखवलं अन् हे म्हणायचे, यानं कवा कुकर नेला? ज्यानं माझं काम बघितलं न्हाई, त्याची शाबासकी मला पचत न्हाई म्हणले. बाजूला तीन टिंबं हायेत, ती दाबली की खोटं हाय म्हणून सांगता येतं. बासष्टदा दाबलं. अंगठा दुखून आला माझा. दुकानपण जाईल हे न्हाई बाई माहीत."

 ज्या अल्गोरिदमच्या नावाने सोमेश्वर दोन महिने वसमतमधल्या गिऱ्हाइकांना घाबरवत होता, तो समोर बसून मेथी निवडत होता.

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?" शेवटी त्याने विचारलं.

"तू एवढा हौसेनं करून राहिला होतास," मामा म्हणाले. "तोंडावर सांगितलं असतं तर लाजून घरी याचाच बंद झाला असतास. न्हाई सांगितलं तरी तीन आठवडे आला न्हाईस. ही रोज तुझ्या वाट्याची भाकर करून ठिवायची."

 सोमेश्वरने मामींच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेतली आणि मान खाली घालून निवडत बसला. त्याच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून मामींना ती सगळी पुन्हा निवडावी लागली.