जुनी कॉटर

आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वडिलांच्या सायकलची डावी कॉटर मी ठोकली होती. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांनी नाही.

तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहायचो. मी चोवीस वर्षांचा, नुकता नोकरीला लागलेला. वडील निवृत्त शिक्षक. रोज सकाळी सायकलवरून कोथरूडला माझ्या बहिणीकडे जायचे, नातीला शाळेत सोडून परत यायचे. एकदा सायकल दगडावर पडली आणि डाव्या पायडलचा दांडा वाकला. प्रत्येक फेऱ्याला तो फ्रेमला घासायचा. टक. थोडं थांबून पुन्हा टक.

दांडा बदलायला मी सायकल चाचांकडे नेली. जुन्या सायकलींत हा दांडा एका आडव्या लोखंडी पाचरीवर घट्ट बसतो, ती कॉटर. ती गंजून बसली होती. चाचांनी नट काढला, रॉकेल सोडलं आणि हात पुसले.

"आज नाही निघायची. दाढ आहे ही, हिसडा मारला की मोडते. उद्या या."

"घरीच काढतो की. दांडा तेवढा द्या."

"हातोडी आहे म्हणून सगळेच डॉक्टर," चाचा म्हणाले. तरी नवा दांडा दिला, वर कागदाच्या पुडीत नवी कॉटर. "खाली पाइपाचा टेकू देऊन ठोका. नवी कॉटर जाड असते, कानशीने घासून घासून बसवावी लागते. कंटाळा करू नका. आणि एकदा काढलेली कॉटर परत घालायची नाही. कितीही चांगली दिसली तरी."

मी टेकू दिला नाही. संध्याकाळी घरामागच्या बोळात बसून हाणत राहिलो. निघाली, पण आटे चेपले. नवी कॉटर घालून पाहिली, अर्ध्यात अडकली. पाच मिनिटं कानस चालवली आणि कंटाळलो. मग जुनीच परत ठोकली. नट दोन आटे चढला आणि थांबला. मी पायडल हाताने फिरवून पाहिलं. फिरलं.

वडिलांनी वरून विचारलं, "कुणी बसवलं? तू हातोडी धरली नाहीस ना? तू एक खिळा ठोकलास तर भिंत पडते आपली."

"चाचांनी," मी म्हणालो. इतकंच. त्या वेळी ते खोटंसुद्धा वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी कोथरूडच्या वाटेवरच्या चढावर वडील पायडलवर उभे राहिले आणि दांडा सटकला. खुबा मोडला. नशीब, नात त्या वेळी मागे बसलेली नव्हती. वडील पुन्हा कधी सायकलवर बसले नाहीत.

सायकल कुणीतरी हातात धरून घरी आणून दिली. बोळात भिंतीला टेकवून ठेवली. सायकलचं एक पायडल वर असलं की दुसरं खाली असतं. हिची दोन्ही खाली लोंबत होती. कठड्यावर बसून कुणी पाय खाली सोडावेत, तशी. येता-जाता मी तिच्याकडे पाहायचं टाळायचो.

आमच्या चौकात एक सार्वजनिक फळा होता. पाणी कधी येणार नाही, कोण गेलं, कुणाची पिशवी सापडली, हे वडील रोज त्यावर लिहायचे आणि शेवटी एक टोमणा. लोक टोमणा आधी वाचायचे. त्या आठवड्यात वडिलांनी खाटेवरून मला मजकूर सांगितला. माझं अक्षर हुबेहूब त्यांच्यासारखं. खडू घेऊन चौकात गेलो आणि लिहिलं:

'ज्यांना स्वतःचे पाय प्रिय आहेत, त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात सायकल दुरुस्तीस देऊ नये. ज्यांना नाहीत, त्यांनी अवश्य द्यावी.'

मागे दोघं हसले. एक म्हणाला, "मास्तर पडले तरी धार गेली नाही हो." मी 'अवश्य'मधला व पुन्हा गिरवला, नीट दिसत नव्हता म्हणून.

त्यानंतरच्या दुपारी वडील म्हणाले, "खाली पायडल कोण फिरवतंय?"

मी कान दिला. टक. थोडं थांबून टक. वाकडा दांडा तर मी कधीच भंगारात टाकला होता. खाली गेलो. बोळात कुणी नव्हतं, वाराही नव्हता. सायकल भिंतीला टेकलेली, पण डावा दांडा खाली लोंबत नव्हता. पुढे आडवा ताठ होता, कुणी पाय ठेवून निघण्याच्या बेतात असावं तसा. मी तो खाली दाबला. हलेना. पायाने दाबला, उभा राहिलो त्याच्यावर. सकाळपर्यंत सैल झुलणारा दांडा दगडासारखा घट्ट बसला होता. कॉटर चेपून अडकली असेल, हे मला आज कळतं. पण दांडा वर कुणी नेला, हे आजही कळत नाही. मला ती कॉटर काढून नदीत टाकायची होती. हातोडी आणली, हाणली. एक केसभरही सरकली नाही.

दोन दिवसांनी चाचा वडिलांना बघायला आले. बोळात सायकलपाशी वाकले. कॉटरच्या चेपलेल्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला, सावकाश, आंधळ्याने चेहरा ओळखावा तसा. मग अंगठा सदऱ्याला पुसला आणि वर आले.

"सर, फळा वाचला."

"वाचता येतं ना? मग झालं तर," वडील भिंतीकडे बघत म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वाट पाहत. माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो प्यायलो, पूर्ण, तळाच्या पावडरीसकट. चाचा म्हणाले, "आराम करा, सर." आणि उठले.

जिन्यात त्यांनी मला हळूच विचारलं, "ती नवी कॉटर कुठे आहे?"

"हरवली."

पुडी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. त्यांची नजर तिथेच होती.

"बरं. सापडली की आणून द्या."

पेठेत माझ्या वडिलांचा शब्द चालायचा. पुढल्या पावसाळ्याच्या आत दुकानाला कुलूप लागलं. वडील आठ वर्षांनी गेले. शेवटच्या महिन्यांत दर दुपारी विचारायचे, "कोण फिरवतंय रे?" मी म्हणायचो, "कुणी नाही." ते म्हणायचे, "मग खाली जाऊन बघतोस कशाला?"

आता आम्ही कोथरूडला सोसायटीत राहतो. सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात आहे, टाकवली नाही. दांडा तसाच आडवा होता. मागच्या महिन्यात मी, चाचांनी तेव्हा सांगितलं होतं, तसं केलं. तीन दिवस रॉकेल सोडलं, खाली पाइपाचा टेकू दिला. दुसऱ्या घावाला कॉटर निघाली. एवढंच होतं. हातात घेतली तर तिच्या डोक्यावर माझ्या हातोडीच्या खुणा होत्या, कडेला दोन चंद्रकोरी. दांडा काढून खाली ठेवला. वाटलं, आता संपलं.

काल दुपारी बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, खाली पायडल कोण फिरवतंय?"

मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. खाली जाऊन बघितलंही नाही. कपाटातली पुडी काढली. कागद पिवळा पडलाय. आत कॉटर आहे, एका बाजूला पाच मिनिटांची कानस लागलेली.

चाचा बिबवेवाडीला लेकीकडे असतात, असं ऐकलंय. ऐंशीच्या घरात असतील. पेठेतल्या चौकात फळा अजून आहे. वेगळं कुणीतरी लिहितं त्यावर.

ही कॉटर त्यांना नेऊन द्यायची आहे. आणि त्याच फळ्यावर, त्याच अक्षरात, ती जुनी कॉटर मी ठोकली होती हे लिहायचं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.