पान पाच माझ्या हातात होतं

नरडाण्याच्या आमच्या सलूनमध्ये पेपर एकच येतो आणि आल्या आल्या त्याची पानं सुटी होतात. आज सकाळी पहिलं पान माझ्या शेजारी नंबर लावून बसलेल्या भाऊंना मिळालं, मला आतलं.

भाऊंनी मथळा मोठ्याने वाचला, 'लस घेताच विद्यार्थिनी अत्यवस्थ'. लगेच घरी फोन. "पोरले शाळामा लस दिऊ नको. पेपरमा छापेल शे."

मग ते दाढीला बसले. खाली पडलेलं त्यांचं पान मी उचललं, तर बातमीखाली बारीक अक्षरात होतं, सविस्तर पान पाचवर. पान पाच माझ्याच हातात.

तिथे अगदी शेवटी लिहिलं होतं की मुलीला ॲलर्जी झाली, जागेवरच उपचार मिळाले आणि संध्याकाळी ती घरी गेली. असं फार क्वचित होतं, म्हणूनच लशीनंतर सगळ्यांना थोडा वेळ बसवून ठेवतात.

मी ते वाचून दाखवलं. तोंडाला फेस तसाच ठेवून भाऊ म्हणाले, "मंग वर छापेल शे ते खोटं शे का?"

"नाही भाऊ, दोन्ही खरं आहे."

"मंग एकच पानवर का बरं नही छापतस?"

मी दोन्ही पानं त्यांच्यासमोर आरशाखाली ठेवली.

दाढी झाल्यावर त्यांनी परत फोन लावला. तोवर वहिनी मुलीला शाळेतून घरी घेऊन आल्या होत्या, आणि त्यांचं ऐकून गल्लीतल्या इतर आयाही आपापली मुलं आणायला शाळेकडे निघाल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणाच्याच घरी पेपर येत नाही.

तुमच्याकडे आज पान पाच कोणी उघडलं?