मागच्या सीटवरची पाटाएवढी जागा

नातवंडं विचारतात, आजी, तू भूत बघितलंस का? मी म्हणते, बघितलं नाही रे, पण त्याला हळदीकुंकू लावलंय. ती हसतात. तेव्हाची मी आठवली की मलाही हसू येतं, मान वळवून मागे बघावंसं वाटतं, तेवढं सोडून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कसबा बावड्यात आम्ही नवं घर बांधलं होतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी भाजीवालीलाही तेच शिकवायचे. जिभेच्या जागी फूटपट्टी, असा माझा थाट. आमचे हे उद्यमनगरात लेथवर टर्नर. मामंजी तरुणपणी गारगोटीकडच्या एका बड्या घरात ड्रायव्हर होते. आता काचबिंदूने त्यांचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर परत यायची नाही, उरली ती हळूहळू जाणार. मामंजींनी लेकाकडे एकच मागणं मागितलं.

"मी चालवायचो ती गाडी त्यांच्या गोठ्यात सडत पडल्या. तेवढी आन. डोळं हाईत तवर तिच्यातनं नरसोबाच्या वाडीला जायाचं हाय. मीच चालवणार."

टेम्पोत घालून गाडी आली. विलायती, गोल नाकाची, मडगार्डला भोकं, डिकीत कोंबडीची अंडी. पत्र्याच्या शेडखाली तिला उभी केली आणि रोज संध्याकाळी, रविवारी, हे तिच्या पोटात. कार्बोरेटर रॉकेलच्या डब्यात, ब्रेकचे ड्रम तुळशीपाशी, आणि मी पॉलिश पेपरने गंज घासतेय. मागच्या सीटमध्ये नवा काथ्या मीच भरला, वर रेक्झिन शिवलं. मागच्या डाव्या दाराची काच जुन्या बाजारात मिळाली, पण मामंजी ती बसवू देईनात.

"ऱ्हाऊ दे उघडं. कोंडल्यागत हुतंय."

कुणाला, ते आम्ही विचारलं नाही.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. बावड्याच्या हवेत मळीचा आंबूस-गोड वास, आणि चिमणीतून भुरभुरणारी काळी राख. वाळत घातलेल्या धोतरावर, पापडांवर, सगळीकडे. उघड्या खिडकीतून गाडीतही पडायची. एका सकाळी झाडायला गेले तर मागच्या सीटभर राख, फक्त डाव्या कोपऱ्यात पाटाएवढी जागा स्वच्छ. खिडकीला लागून, म्हणजे खरं तर तिथेच जास्त पडायला हवी. झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. हात लावला तर रेक्झिन कोमट.

"उन्हानं तापलंय," मी जाहीर केलं. पत्र्याखाली भल्या सकाळी ऊन कुठलं, हे विज्ञानाच्या बाईंना सुचलं नाही.

मग मी मांजरावर संशय घेतला. पायदानावर रांगोळी चाळून ठेवली, पंजे उमटावेत म्हणून. रांगोळी जशीच्या तशी. मग वाऱ्यावर. गल्लीतली माणसं गोळा करून गाडीचं तोंड उलटीकडे करून घेतलं. हे वैतागले, "अगं, तुझ्या प्रयोगापायी माझं इंजिन निखळंल की!" गाडी फिरली, जागा गाडीबरोबर फिरली.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. "मास्तरीनबाई, कोणतरी बसतंय की तिथं. बाईमाणूस हाय. अंग चोरून बसल्यागत जागा हाय बघा."

मी तिला अंधश्रद्धेवर लांबलचक भाषण दिलं. मग घरात येऊन भर दुपारी आतून कडी घातली.

संक्रांत आली. बायका हळदीकुंकवाला येऊन गेल्या. सगळं आवरताना मनात आलं, दारात आलेल्या बाईला तशीच कशी ठेवायची? इकडेतिकडे बघून शेडमध्ये गेले. सीटच्या पाठीवर, साधारण कपाळ येईल तिथं, हळदीकुंकू लावलं. तिळगूळ ठेवला. वाण म्हणून चहाची गाळणी. भुताला गाळणी! एवढी माझी बी.एस्सी.

सकाळी तिळगुळावर, गाळणीवर राख होती. जागा मात्र आकसली होती. दाराला चिकटून, अर्ध्या पाटाएवढी. कुणी दचकून बाजूला सरकावं तशी.

तेव्हा मात्र मी मामंजींकडे गेले. ते पायरीवर बसले होते. त्यांना आता माणसाची सावली तेवढी दिसायची.

"मामा, गाडीत…"

"बसल्यात न्हवं? ठावं हाय मला."

"मी त्यांना हळदीकुंकू लावलं."

म्हातारा ताडकन उभा राहिला. "अगं ए पोरी! बाईसाहेब हाईत त्या. ऐन इशीत कपाळ पांढरं झालेलं. त्यास्नी कोण कुंकू लावतंय?"

"मी लावलं."

मामंजी परत पायरीवर टेकले. मग अगदी हळू विचारलं, "काय म्हटल्या?"

मग मामंजींनी सगळं सांगितलं. मालकांची धाकटी भावजय. घरचे तिला उंबऱ्याबाहेर पाठवत नसत. एकदा तिनं ड्रायव्हरला विचारलं, वाडीला नेशील का, संगमात पाय बुडवून येते. मामंजी म्हणाले, नेतो. तेव्हापासून कुणी नसलं की ती येऊन उभ्या गाडीत बसायची, डाव्या कोपऱ्यात, काचा बंद करून. "मी मालकाला भ्यालो. आज न्हाय, उद्या बघू, असं करत ऱ्हायलो. बाई गेल्या. पर जाग्यावरनं उठल्याच न्हाईत, पोरी."

मी कुंकू पुसायला निघाले. "ऱ्हाऊ दे," मामंजी म्हणाले. "इचार करू दे त्यास्नी."

चार-आठ दिवसांत जागा पुन्हा पाटाएवढी झाली.

गाडी सुरू झाली तेव्हा शिमगा जवळ आला होता. ह्यांनी हँडल मारलं, गाडी खोकली, धूर ओकून धडधडू लागली. पण मामंजींची नजर त्याआधीच गेली होती. स्टिअरिंगवर त्यांनी दोन्ही हात ठेवले, चाचपले, आणि स्वतःच डावीकडे सरकले. "तू चालव." लेकाला एवढंच म्हणाले. मागे मी उजव्या दाराला चिकटून बसले. डावीकडे बघितलं नाही. अख्ख्या रस्त्यात नाही.

वाडीत पोचल्यावर मामंजी चाचपडत उतरले, मागचं डावं दार उघडलं आणि ताठ उभे राहिले. "उतरा बाईसाहेब. वाडी आली."

पेढेवाली पुढे झाली. "पावणं, आत कोण हाय?"

ह्यांनी नदीकडे तोंड फिरवलं. उत्तर मला द्यावं लागलं. "आमच्याकडच्या बाई आहेत," विज्ञानशिक्षिका म्हणाली. "उतरताहेत."

मामंजींनी थोडा वेळ वाट बघितली. मग दार लावलं, कुणाचा पदर अडकू नये अशा बेतानं. येताना त्या कोपऱ्यात ते स्वतः बसून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. पाठीमागून काठीचा आवाज आला.

"पडल्या का राख?"

"पडली मामा."

"कोपऱ्यात?"

"सगळीकडे सारखी."

मी हात टेकवला. रेक्झिन गारगार होतं. इतके दिवस ते कधीच गार नव्हतं, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं आणि मी हात काढून घेतला.

मामंजींनी लेकाला हाक मारली. "आरं, ती काच बसव आता."