शिंगं नसलेला राक्षस

चार हट्टी माणसं एका पत्र्याच्या शेडमध्ये आठ महिने कोंडली की किस्से शोधावे लागत नाहीत. ते उष्ट्या कपबश्यांसारखे साचत जातात, आणि उचलायला कुणी उठत नाही!

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सगळं परळ-लालबाग रस्त्यावर, आणि आम्ही परळच्याच एका बंद गोदामात राक्षसाचं पिक्चर काढत होतो. तेही मराठीत! आम्ही म्हणजे दिग्दर्शक अण्णा, शिलाईचे कांबळेमास्तर, शीव कोळीवाड्याचा धाकू, हा आमचा राक्षस, आणि मी वसंता, लालबागच्या गणपतीच्या कारखान्यातला मूर्तिकार.

* * *

अण्णा मूळचे गिरगावचे. एके दिवशी कारखान्यात शिरले आणि मी केलेल्या महिषासुरासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"हात सुरेख आहे तुझा," ते म्हणाले. "पण याचं पोट दुखतंय का रे?"

मी चिडलो. "राक्षस आहे तो! रागावलाय!"

"रागावलेला माणूस दात दाखवत नाही. दात आवळतो. उद्यापासून परळला ये. तुला राक्षस शिकवतो."

गेलो. राग आला होता म्हणूनच गेलो!

* * *

एका वितरक शेठनी अण्णांना तोंडावर सांगितलं होतं, "मराठीत राक्षस? मराठीत कीर्तन चालतं. लोक पोट धरून हसतील हो!"

अण्णा बाहेर आले आणि सरळ शेडमध्ये. आम्हाला म्हणाले, "ठरलं. एक जरी माणूस हसला, तरी मी पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही."

गंमत म्हणून नव्हते म्हणाले. बायकोला घरी तेच सांगून आले होते.

* * *

पहिला राक्षस मी जीव तोडून केला. काथ्या, गोणपाट, सायकलच्या जुन्या ट्यूबा. कपाळावर हातभर लांब शिंगं. अण्णांनी समोरच्या चाळीतली पोरं बोलावली. पोरं आली, बघितलं, आणि एका चिमुरडीनं विचारलं, "गॅदरिंग कधी आहे तुमचं?"

अण्णा माझ्याकडे वळले. "शिंगं काढ."

"शिंगांशिवाय राक्षस कसा दिसेल?"

"शिंगं असली की लोक शिंगं बघतात, वसंता. घाबरायचं राहूनच जातं!"

शिंगं काढली. दात काढले. लाल रंग खरवडला. शेवटी उरले फक्त डोळे, तेही अर्धवट मिटलेले. दुसऱ्या दिवशी तीच चिमुरडी दारातूनच परत फिरली. मला इतका आनंद झाला की तिला चिक्की नेऊन दिली.

* * *

कांबळेमास्तर हिंदमाताच्या एका कापडदुकानात कटिंग करायचे, राहायला नायगावच्या चाळीत. बाबासाहेबांचा फोटो त्यांनी मशीनच्या बरोबर वर लावला होता. म्हणायचे, "साहेबांसमोर टाका वाकडा पडत नाही."

धाकूनं अंगावर चढवायचं राक्षसाचं कातडं त्यांनी शिवलं, आणि पाठीला मानेपासून खालपर्यंत गुंड्या लावल्या. अण्णा भडकले. "मास्तर! राक्षसाला गुंड्या असतात का?"

मास्तरांनी तोंडातली टाचणी काढली. "अण्णा, तुमच्या राक्षसाला दिवसातून पाच वेळा चहा लागतो. चहा लागतो, त्याला गुंड्या लागतात!"

आतून धाकूचा आवाज आला, "मास्तर, आताच खोला. लवकर!"

त्या दिवसापासून राक्षसाची पाठ कॅमेऱ्याला दिसली नाही. आणि खरं सांगतो, त्यानं पिक्चर सुधारलं. सतत तुमच्याकडेच तोंड करून असलेल्या प्राण्याची भीती वेगळीच!

* * *

नायिका सुमनबाई संगीत नाटकांतल्या. पहिली किंकाळी फोडली तेव्हा शेडबाहेरची माणसं ऐकायला गोळा झाली. इतकी सुरात!

"बाई भैरवीत घाबरतायत," मास्तर पुटपुटले.

अकरा वेळा किंचाळल्या. घसा बसला, डोळ्यांत पाणी आलं. "मला नाहीच जमणार," म्हणून पदर सावरत निघाल्या. अण्णा दारात आडवे आले.

"बाई, घरी कधी खरंच घाबरलात? तेव्हा काय केलंत?"

त्या परत फिरून खुर्चीत टेकल्या. मग म्हणाल्या, "यजमान गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी भाजी चिरत होते. विळी आडवी केली. भाजी झाकून ठेवली. मग उठले."

अण्णांनी हळूच सांगितलं, "तेवढंच करा."

त्यांनी केलं. राक्षस खिडकीत येतो, त्या विळी आडवी करतात, भाजीवर ताट झाकतात. आवाज नाही की काही नाही. कॅमेरामन शॉट संपल्यावर कॅमेरा बंद करायला विसरला!

* * *

आता गर्दीचा सीन. राक्षस वस्तीत शिरतो, लोक पळत सुटतात. लालबागच्या चाळींमधून शंभरेक माणसं बोलावली. अर्धी त्याच आठवड्यात मोर्च्यात लाठ्या खाऊन आलेली. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात.

अण्णा ओरडले, "पळा!"

कुणी हललं नाही.

पुन्हा ओरडले. सगळ्यांच्या पुढे गिरणीत काम करणारी पार्वतीमावशी होती, मालवणकडची. तिनं कमरेवर हात ठेवले. "पोलिसांच्या बंदुकीसमोरसून नाय पळालंय रे मी. आता ह्या गोणपाटाक बघून पळू?"

मी म्हटलं, झालं, सीन गेला! अण्णांनी मात्र हातातला कागद फाडला. "मग काय कराल, मावशी?"

"पोरांक मागे घालीन आणि उभी रवान."

"रोल!"

पोरं मागे, माणसं पुढे, सगळे उभे. समोरून धाकू चालत आला. दहा पावलांवर थांबला. आणि कुणी न सांगता एक पाऊल मागे गेला.

कट झाल्यावर अण्णांनी विचारलं, "का थांबलास रे?"

आतून उत्तर आलं, "तिचे डोले बगितलं न्हाय तुमी, अण्णा."

* * *

शेवटचा शॉट शिवडीच्या खाडीत. जखमी राक्षस चिखलातून समुद्राकडे परत जातो. ओहोटी लागलेली, रीळ एकच उरलेलं. दुसरा टेक नाही!

धाकू निघाला. दहा-बारा पावलं टाकली आणि डावा पाय ओढायला लागला. काय लंगडला! मध्येच थांबला, मान खाली घातली, पुन्हा निघाला. पार कमरेभर पाण्यात गेला. अण्णा रडत होते.

परत आल्यावर आम्ही पाठ थोपटली. "कुठून आणलंस रे हे?"  धाकूनं कातडंही काढू दिलं नाही. "घरी जाऊन काढतो," म्हणाला आणि तसाच ट्रकात बसला. त्यानंतर पंधरा दिवस फिरकला नाही. निरोप आला, मासेमारीची गडबड आहे.

पिक्चर लागलं तेव्हा दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. धाकू आईला घेऊन आला होता. ती दादरच्या बाजारातून मासे विकून थेट आलेली, कशाचं पिक्चर हेही तिला ठाऊक नव्हतं. थिएटर भरलेलं. सुरुवातीपासून एकही माणूस हसला नाही. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

शेवटचा शॉट आला. चिखलातून राक्षस पाय ओढत चाललाय. सगळं थिएटर चिडीचूप.

आणि पुढच्या रांगेत धाकूची आई ताडकन उभी राहिली.

"धाकू! पायात काय घुसलंय रं तुज्या?"

अंधारातून दबका आवाज आला, "गो आये, खाली बस. राक्षस हाय मी!"