हॉस्पिटलचं वळण

जुन्या पुस्तकाचा वास आला की ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरातली ती सकाळ आठवते. माझ्या बायॉप्सीचा रिपोर्ट मिळणार होता. नवरा गाडी चालवत होता आणि मी त्याला एका जुन्या पुस्तकातून अमेरिकन विनोदी लेखकाची गोष्ट वाचून दाखवत होते. त्यातला साधाभोळा माणूस दिवसाढवळ्या स्वप्नांत मोठमोठे पराक्रम गाजवतो. मान वर करून बघते तर हॉस्पिटलचं वळण केव्हाच मागे पडलेलं आणि गाडी परत घराच्या रस्त्याला लागलेली. "अरे, लक्ष कुठे आहे तुझं?" मी चिडले. त्याने गाडी कडेला घेतली. डोळे भरले होते त्याचे. "गोष्ट ऐकता ऐकता मनातल्या मनात डॉक्टर म्हणाले, काही नाही, घरी जा. म्हणून घरीच निघालो." मी त्याचा हात धरून ठेवला. रिपोर्ट वाईटच निघाला. वर्षभराच्या उपचारांनंतर डॉक्टर खरोखर तसं म्हणाले, तेव्हा हा बाहेर पार्किंग शोधत होता. ती बातमी त्याला मी सांगितली, याचा मला आजही आनंद वाटतो.