बंद गाडीतली हालचाल

दसऱ्याला मी गाडीचा हार बाहेर न घालता आतल्या आरशाला घातला. बाहेरचा हार गायी खातात, हा माझा शहाणपणा. शिवाय गाडी तापू नये म्हणून काच बोटभर उघडी ठेवली. आत काही हललं की बोंब मारणारा सेन्सर गाडीत आहे, हे मात्र साफ विसरलो. मग रोज दुपारी ती रिकामी गाडी ओरडू लागली.

"अरे, आत कोणाला बसवून ठेवलंयस?" समोरच्या काकू गॅलरीतून विचारायच्या.

हलतंय म्हणजे कोणीतरी आहे, एवढंच सेन्सरला कळतं. आपल्याला तरी त्याहून जास्त काय कळतं? पाचव्या दिवशी मला अक्कल आली. हार काढला, काच लावली आणि आईला ऐटीत सांगितलं, "भूत पकडलं!"

आई हसली नाही. गाडी बाबांची, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. "वाजली की वाटायचं, हे खालून बोलावतायत," ती म्हणाली.

मी खाली गेलो, हार पुन्हा लावला, काच उघडली आणि गाडी लॉक करून बाजूला उभा राहिलो. वारा पडला होता. हार जराही हलत नव्हता. तरी गाडी वाजली. वर पाहिलं, तर आई केस सारखे करत गॅलरीत आली होती.