नानांच्या कपाटातले कोळी

विकासने झाडू मारला कोळिणीवर, पण फुटली तिने पोटाशी धरलेली पांढरी चकती. ते अंड्यांचं पाकीट होतं, हे त्याला कळलं तेव्हा राईएवढी शेकडो पिल्लं मोरीभर, टॉवेलभर आणि मुख्य म्हणजे आंघोळीला उभ्या असलेल्या दीपिकाच्या केसांत पसरली होती. कोळीण खिडकीतून निघून गेली. पाठोपाठ दीपिकाही गेली, दप्तर घेऊन, प्रभादेवीला आजीकडे. त्या घरात पाऊल टाकणार नाही, असं नऊ वर्षांच्या मुलीने फोनवर सांगितलं.

"तू घालवलीस, तूच आण," प्रीती नवऱ्याला म्हणाली.

विकासने दीपिकाला फोनवर खूप समजावलं. हे कोळी माणसाच्या वाटेला जात नाहीत, वगैरे. पण ज्याने झाडू मारला त्याचं कोण ऐकणार? बापाचं पटत नाही तर छापलेलं तरी पटेल, म्हणून तो चर्नी रोडजवळच्या त्यांच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयात गेला. तिथे नाना बसतात. इथेच सगळं अडलं.

नाना विम्याच्या ऑफिसातून रिटायर होऊन वाचनालय बघू लागले, तेव्हा पुस्तकांना कसर लागली होती. तिचा बंदोबस्त करायला म्हणून त्यांनी किड्यांवरचं पहिलं पुस्तक आणलं. कसर राहिली बाजूला, नानांनाच किड्यांची लागण झाली. आता डोळ्यांसमोरच्या कपाटात किडे आणि कोळी, अन् कादंबऱ्या पार तळाशी. गुडघेदुखीवाल्या बायका नानांच्या नावाने बोटं मोडत त्या काढतात. कसर अजून आहे. ती कादंबऱ्या खाते. नानांची त्याबद्दल तक्रार नाही.

"नाना, मुलीसाठी किड्यांचं पुस्तक द्या. कोळ्याचं."

"कोळी किडा नव्हे. पाय मोजा."

"मोजायला तो थांबला पाहिजे ना."

"वाचणार कोण?"

"दीपिका."

"मग तिला पाठवा. या कपाटातलं पुस्तक वाचणाऱ्याने स्वतः न्यायचं. बापाने नेलेलं फ्रिजवर पडून राहतं."

"अहो, ती आली असती तर पुस्तक कशाला लागलं असतं?"

नाना चष्मा पुसत बसले. हा त्यांचा नकार.

दुसऱ्या खेपेला विकासने सरळ कपाटात हात घातला आणि एक गुळगुळीत परदेशी ठोकळा ओढला. नानांनी तो काढून घेतला.

"फोटो छान आहेत. पण यातला एकही कोळी चर्नी रोडला उतरत नाही."

"मग हे, बारीक अक्षरांचं?"

"शास्त्रीय नावं आहेत. तुम्हाला झोप लागेल."

"तुम्हीच सांगा, चांगलं कुठलं?"

"ते पातळ, मराठी. आपल्या घरांतल्या कोळ्यांचं. सुरुवात त्यानेच करावी. मग झाडांवरच्या किड्यांचं, आणि गोडी लागली तर हा ठोकळा."

"द्या की ते पातळ."

"मुलगी कुठाय?"

घरी येऊन विकास करवादला, "हा माणूस वाचनालय चालवतो का पासपोर्ट ऑफिस?"

"पासपोर्ट मिळतो तरी," प्रीती म्हणाली.

अखेर रविवारी दीपिका आली. फक्त वाचनालयापर्यंत, घरी नाही, या अटीवर. डोक्याला आजीचा स्कार्फ घट्ट बांधून. नानांनी तिला ना गोळी दिली, ना धीर.

"केसांत किती होती?"

"खूप."

"चावली?"

तिने विचार केला. "नाही. गुदगुल्या झाल्या."

"पुढे त्यांचं काय होतं, ते यात आहे," म्हणत नानांनी पातळ पुस्तक पुढे केलं.

ती बाकावर बसून वाचू लागली. विकास पंख्याकडे बघत राहिला. हेच चार वाक्यांत आधी झालं असतं, तर त्याच्या दोन खेपा वाचल्या असत्या. पण नानांना हे कोण सांगणार?

"आजोबा, ही आई पाकीट पोटाशी घेऊन फिरते. मग आमची पिल्लं शोधायला ती परत येईल?"

"सांगता येत नाही. बघत बसावं लागतं."

दीपिकाने स्कार्फ सोडला. "बाबा, घरी चला. आणि मोरीची खिडकी लावू नका."

पुस्तक काखेत मारून ती पुढे पळाली. विकास मात्र रेंगाळला. त्या दिवसापासून तो स्वतःही वर बघत बघतच आंघोळ करत होता.

आवाज खाली आणून त्याने विचारलं, "नाना, ते पुस्तक मला कधी मिळेल?"

"तिचं वाचून झालं की तिलाच विचारा."